काडतुसाचा पुनर्जन्म आणि बंदुकीचे हमीपत्र

घरोघरी एक खण असा असतो, की तो उघडताना हमखास काहीतरी अडकते. कुलपे हरवलेल्या किल्ल्या, गेल्या दिवाळीतल्या उरलेल्या वाती, विजेची बिले, आणि या सगळ्यांच्या तळाशी हमीपत्रांची चळत. पंख्याचे हमीपत्र, मिक्सरचे, इस्त्रीचे, कुकरचे. ही पत्रे वाचीत कोणी नाही. पण टाकून देण्याचा धीरही कोणाला होत नाही. दिवाळीच्या साफसफाईत तो खण उपसण्याची पाळी आलीच, तर वाचकांनी कुकरचे हमीपत्र बारीक अक्षरांसकट एकवार वाचून पाहावे. रिंग आणि शिट्टी आमच्याच कारखान्याची वापरा, नाहीतर आमची जबाबदारी संपली, अशा अर्थाचे एखादे वाक्य त्यात बहुधा सापडेल. आपण मंडईच्या कोपऱ्यावर निम्म्या किमतीत मिळणारी रिंग कधीच बसवलेली असते, कुकरही बिनतक्रार शिट्ट्या देत असतो, आणि त्या वाक्याची आठवण होते ती कुकर बिघडल्यावर.

अमेरिकेत हेच वाक्य बंदुकीच्या पुस्तिकेत असते. रिंगेच्या जागी फक्त काडतूस घालायचे. कारखान्यात तयार झालेली नवी काडतुसेच वापरा. घरी पुन्हा भरलेली काडतुसे वापराल तर आमची हमी रद्द, असे तिथले अनेक कारखानदार आपल्या गिऱ्हाइकाला बजावतात. माझा एक जुना विद्यार्थी टेक्सासात नोकरीला आहे. त्याच्या शेजाऱ्याने गॅरेजात एक टेबल मांडले आहे आणि सुटीच्या दिवशी तो गृहस्थ तिथे बसून, आपल्याकडे बायका चकल्यांचा सोऱ्या फिरवतात तशा तन्मयतेने, काडतुसे भरीत असतो. हे ऐकल्यापासून मला या प्रकरणाचा छंदच लागला. बंदूक मी कधी हाती धरलेली नाही. पण एका वाक्यावरून कंपनी आणि गिऱ्हाईक यांच्यात इतके वाद माजावेत, हा विषय भाषेच्या मास्तराने सोडावा कसा?

आधी शब्द पाहू. काडतूस हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. त्यांच्या 'कार्तुशु'चे आपण काडतूस केले. बंदूक अरबीतून आली. तिथे 'बुन्दुक' म्हणजे एक गोल कवचीचे फळ आणि तशीच गोल गोळी. आणि ज्यांवरून दुकानात आपण नेहमी घोटाळा करतो ते वॉरंटी आणि गॅरंटी हे दोन शब्द मुळात एकच आहेत. एकाच जुन्या शब्दाची ती फ्रान्सच्या दोन प्रांतांतली दोन उच्चारणे. कायद्याने पुढे त्यांचे संसार वेगळे केले, तो भाग निराळा.

आता वस्तू. काडतुसाचे अवयव चार. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली चिमुकली टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी गोळी. घोडा पडला की टोपी पेटते, टोपीने दारू पेटते, दारूचा वायू होतो आणि वायू गोळीला ढकलतो. यातली टोपी आणि दारू जळून जाते, गोळी निघून जाते. मागे राहते ती पुंगळी. आणि काडतुसात बहुधा सर्वांत महाग भाग हाच! काटकसरी माणसाच्या मनात इथेच विचार येतो. आपल्या घरात बिस्किटांचा डबा रिकामा झाल्यावर कधी केरात जातो का? त्यात डाळ जाते. तोच हा न्याय.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याने ठासणीची बंदूक बाळगणारे लोक आहेत, त्यांना तर यात नवलच वाटणार नाही. ठासणीच्या बंदुकीत दारू, छर्रे, टोपी सारे हाताने आणि दर वेळी नव्याने भरायचे. त्या अर्थाने काडतूस निघण्यापूर्वी जगातला प्रत्येक बंदूकवाला स्वतःच भरणारा होता. काडतुसाने ती कला कारखान्यात नेली, आणि अमेरिकनाने ती पुन्हा घरी आणली.

हे घरी आणणे शक्य झाले ते एका लहानशा योगायोगाने. १८६६ च्या सुमारास टोपीच्या दोन तऱ्हा निघाल्या. एक इंग्रज अधिकारी बॉक्सर याची, दुसरी अमेरिकन हायरम बर्डन याची. बॉक्सरच्या पुंगळीला बुडाशी मधोमध एकच भोक असते. त्यातून बारीक सळई घातली की जळकी टोपी टपकन खाली पडते. बर्डनच्या पुंगळीत आडबाजूला बारीक भोके असतात आणि टोपी काढता काढता जीव मेटाकुटीला येतो. गंमत अशी, की इंग्रजाची तऱ्हा अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. तसे झाले नसते, तर टेक्सासातल्या त्या गॅरेजात आज टेबलाऐवजी मोटारच उभी असती.

भरण्याची क्रिया तरी किती सोपी! मोकळ्या पुंगळ्या आधी एका फिरत्या भांड्यात मक्याच्या कणसाच्या किंवा अक्रोडाच्या कवचीच्या भरड्यात घोळवून लख्ख करायच्या. बार उडताना पुंगळी किंचित फुगते, म्हणून ती पोलादी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची. त्याच दाबात जळकी टोपी निघते. नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, गोळी ठेवून तिसरा दाब द्यायचा. पिस्तुलाची पुंगळी अशी दहा-वीस जन्मही घेते. रायफलीची तिच्यामानाने अल्पायुषी. दर जन्मी बुडाजवळचे पितळ पातळ होत जाते, आणि ते ओळखण्याची जाणत्यांची युक्ती म्हणजे कागदाला लावायची टाचणी सरळ करून तिचे टोक वाकवायचे आणि पुंगळीत घालून आतून चाचपायचे. टोकाला खाच लागली की पुंगळी भंगारात. हजारो रुपयांच्या बंदुकीची भिस्त शेवटी अशी एका टाचणीवर!

या हौसेला तिकडे मोठी परंपरा आहे. जॉन बार्लो याने १८८४ साली न्यू हेवन येथे आयडियल नावाची कंपनी काढून अडकित्त्याच्या घडणीची भरणयंत्रे विकायला सुरुवात केली. गावापासून दूर राहणाऱ्या गुराख्याला आणि शिकाऱ्याला दुकान जवळ नव्हते. अडकित्ता खोगिरात राही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारजवळ दारूचे डोंगर शिल्लक राहिले, तेव्हा कॅन्सस राज्यातल्या ब्रूस हॉजडन याने ती दारू विकत घेऊन लहान लहान मापांनी हौशी लोकांना विकली, आणि या छंदाला भरती आली. १९५८ साली विस्कॉन्सिनच्या रिचर्ड ली याने नुसत्या हातोडीने ठोकून भरण्याचा स्वस्त संच काढला, तेव्हा तर ज्याला यंत्र परवडत नव्हते तोही या मंडळात सामील झाला. २०२० च्या साथीच्या काळात दुकानांतली काडतुसे संपली, तेव्हा ज्यांच्याजवळ टोप्या आणि दारू साठवलेली होती त्यांनी शेजाऱ्यांकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, ते साखरटंचाईत रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या वाचकांना सांगायला नको.

पण केवळ काटकसर हे कारण नव्हे. नेमबाजीच्या ज्या स्पर्धेत बंदूक बाकावर टेकवून एकाच भोकातून पाच गोळ्या घालण्याची ईर्षा असते, तिथले स्पर्धक जवळजवळ सारेच हाताने भरलेली काडतुसे वापरतात. कित्येक तर मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मध्ये, त्याच त्या पुंगळ्या पुन्हा भरतात. आपल्या बंदुकीला काय मानवते ते कारखान्याला ठाऊक नसते, मालकाला असते. म्हणजे जगातली सर्वांत अचूक काडतुसे घरच्या भरणीची, आणि बंदूक फोडणारी काडतुसे म्हणून ज्यांची कुख्यात नोंद आहे त्यांतलीही पुष्कळ घरच्याच भरणीची. या एका गोष्टीत सगळी अडचण आहे.

ती समजायला दारूचे माप पाहिले पाहिजे. तिकडे दारू ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या सोनाराच्या हिशेबाने एक गुंज म्हणजे जवळजवळ पावणेदोन ते दोन ग्रेन. ०.३८ स्पेशल नावाचे एक जुने रिव्हॉल्व्हरचे काडतूस आहे. निशाणबाजीसाठी त्यात झटकन जळणाऱ्या बिनधुराच्या दारूचे २.७ ग्रेन घालण्याचा प्रघात होता. म्हणजे दीड गुंजेहूनही कमी! हे काडतूस निघाले १९ व्या शतकाच्या अखेरीस, काळ्या दारूच्या काळात. काळी दारू फुसकी, म्हणून पुंगळी मोठी. त्या काळात पुंगळी काठोकाठ भरली की माप झाले. जास्त घालू म्हटले तरी जागा नसे. नवी बिनधुराची दारू जोरकस, म्हणून ती तळाशी चिमूटभर बसते आणि वर सगळी पोकळी. त्या पोकळीत त्याच मापाची दुसरी चिमूट पडली तरी वरून गोळी बसवल्यावर कोणाला कळणार नाही, तिसरीलाही जागा असते. टेलिफोन वाजला, मूल रडले, चहा आला. माणूस परत येऊन टेबलाशी बसतो आणि भरलेल्या पुंगळीत पुन्हा माप ओततो. बस्स.

याच्या उलट चूकही तितकीच घातकी. दारू घालायची राहूनच गेली, तर नुसती टोपी गोळीला नळीत चार बोटे ढकलून सोडून देते. आवाज 'फुस्स'. नेमबाजाला वाटते, काडतूस फुकट गेले. तो पुढचे झाडतो. पुढच्या गोळीला वाटेत ही आडवी. नळी फाटते.

आकड्यांत सांगायचे तर आपल्या कुकरमधला दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. तेवढ्यावर शिट्टी होते आणि तेवढ्याला आपण बिचकून असतो. अमेरिकेतल्या कारखानदारांनी १९२६ साली स्थापलेली एक संस्था आहे, 'सामी' या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते; तिने प्रत्येक काडतुसासाठी दाबाची कमाल मर्यादा ठरवून दिली आहे. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलासाठी ती चौरस इंचाला ३५,००० पौंड, म्हणजे आपल्या मापाने चौरस सेंटिमीटरला सुमारे २,४६० किलो. शिकारीच्या ०.३०-०६ रायफलीसाठी ६०,००० पौंड, म्हणजे ४,२०० किलोंहून अधिक. हा दाब नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, सेकंदाच्या हजाराव्या भागात उठतो आणि मावळतो. त्याला शिट्टी नाही.

तेव्हा कारखानदार घाबरतो यात त्याची चूक काय? ग्लॉक ही ऑस्ट्रियाची कंपनी आपल्या पिस्तुलांच्या पुस्तिकेत पुन्हा भरलेली काडतुसे वापरू नका असे स्पष्ट बजावते. इतरही पुष्कळ कंपन्यांचा सूर तोच. काही जण तर परवानाधारक धंदेवाइकाने भरून विकलेली काडतुसेही त्यातच धरतात. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायसाठी भरायची तर १९६८ च्या कायद्याप्रमाणे लागतो. पण हमीपत्र हा भेद पाहीलच असे नाही. आणि हेही पाहण्यासारखे आहे, की काडतुसांचे मोठमोठे कारखानेच पितळी पुंगळ्या, टोप्या, गोळ्या सुट्या विकतात आणि त्यावर बरा पैसा मिळवतात. दारू-काडतुसाच्या दुकानात एका फळीवर भरण्याचे साहित्य आणि समोरच्या फळीवर 'भरू नका' म्हणणारी बंदूक, असा देखावा तिकडे नेहमीचा.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूने कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण खरी मौज तिथे आहे. १९७५ च्या जानेवारीत अध्यक्ष फोर्ड यांनी एका कायद्यावर सही केली. सिनेटर मॅग्नुसन आणि मॉस यांच्या नावाने तो ओळखला जातो. हमी दिलीच पाहिजे असे हा कायदा म्हणत नाही. पण लेखी हमी दिली तर ती 'पूर्ण' की 'मर्यादित' ते स्पष्ट छापले पाहिजे, आणि अमुक एका नावाचीच वस्तू वापरा नाहीतर हमी रद्द, अशी अट घालता येणार नाही. ती वस्तू फुकट दिली किंवा सरकारी आयोगाची खास सूट घेतली तर गोष्ट वेगळी. आपल्या कुकरच्या रिंगेचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. या कलमाच्या जोरावर २०२२ साली तिथल्या व्यापार आयोगाने हार्ले-डेव्हिडसन या नामांकित मोटारसायकल कंपनीला सुद्धा वठणीवर आणले. दुसऱ्याचे सुटे भाग बसवले म्हणून हमी रद्द, असे म्हणणे तिला सोडावे लागले.

मग काडतुसांना हा कायदा लागू का होऊ नये, असे कोणीही विचारील. तिथले नेमबाजही विचारतात, आणि पुष्कळांची समजूत अशी, की या कायद्यापुढे पुस्तिकेतले ते वाक्य केराच्या टोपलीत जाते. मला मात्र कायद्याचे शब्द वाचून तसे वाटत नाही. कायदा आडवा येतो तो नावाच्या सक्तीला. 'आमच्याच कंपनीची काडतुसे वापरा' असे बंदूकवाल्याने लिहिले, तर तो सापडला. पण तो तसे लिहीतच नाही. तो म्हणतो, कोणत्याही कारखान्याची, पण ठरलेल्या मापाची नवी काडतुसे वापरा. यात नाव कोणाचेच नाही! घरी भरलेले काडतूस ही एखाद्या कंपनीची वस्तू नव्हे, तो मालाचा एक प्रकार झाला. शब्द किती जपून योजतात पाहा. व्याकरणात सामान्यनाम आणि विशेषनाम यांतला भेद मुलांना शिकवताना वर्गातली निम्मी मुले पेंगतात; इथे त्याच भेदावर कंपनीची तिजोरी उभी आहे.

पण गोष्ट इथेही संपत नाही. दुसऱ्याचे साहित्य वापरल्याने नुकसान झाले असे दाखवता आले, तर तेवढ्या नुकसानीची जबाबदारी कंपनी नाकारू शकते, असे त्या आयोगाचे स्पष्टीकरण आहे. त्यातली न्यायाची कल्पना साधी आहे: कारण दाखवा, मग हात वर करा. या दृष्टीने पाहिले तर हमीपत्रातले सरसकट वाक्य मला तरी अन्यायाचे वाटते. दुप्पट दारूने कोठी फुटली, तर मालकाने आपल्या कर्माला दोष द्यावा हे ठीक. पण घोड्याची कमान मोडली, दर्शनी माशी निखळली, पोलादाला गंज चढला, आणि तुम्ही कधीकाळी घरचे काडतूस वापरले होते म्हणून त्या कमानीचीही हमी गेली, हा कोठला हिशेब? जेवण बाहेरचे घेतले म्हणून खाणावळवाल्याने खोलीचे छप्पर गळू द्यावे, त्यातला हा प्रकार.

दुसरीकडे दाद मागावी, तर दारेही थोडी. १९७२ साली अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचे एक खाते निघाले. सदोष पाळणा, सदोष खेळणे ते परत मागवायला लावू शकते. पण बंदुका आणि काडतुसे त्याच्या कक्षेतून वगळलेली आहेत. म्हणजे पोराची खेळण्यातली बंदूक धोक्याची निघाली तर सरकारी खाते धावून येईल, बापाची खरी निघाली तर नाही! युरोपात दाबाची चाचणी होऊन शिक्का बसल्यावाचून बंदूक विकता येत नाही असे देश आहेत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद मिळाली ती १६३७ साली, आपल्या शिवबाच्या बाळपणी. अमेरिकेत तशी सरकारी सक्ती नाही. कारखानदार आपण होऊन चाचणी घेतात. न्यायालयात भरपाईचा दावा लावता येतो, तो हमीपत्रावर अवलंबून नसतो. पण तिथे पुन्हा प्रश्न तोच: फुटली ती कशाने?

फुटलेली बंदूक बोलते असे तज्ज्ञ म्हणतात. नळीत मध्येच बांगडीसारखा फुगवटा असेल, तर तिथे काहीतरी अडकले होते. कोठीच उकलली असेल आणि पुंगळीचे पितळ वितळल्यासारखे पोलादाच्या खाचांत पसरले असेल, तर दाब बेसुमार होता. इतपत वाचता येते. परंतु बंदूक तपासणारा बहुतेक वेळा कंपनीचाच माणूस असतो आणि पुंगळीवर दुसऱ्या भरणीच्या खुणा दिसल्या की तपास आटोपल्यात जमा होतो, अशी नेमबाजांची तक्रार आहे. ती सगळीच खरी धरायचे कारण नाही. पण सगळीच खोटीही का धरू नये, याला एक जुनी हकीकत साक्ष आहे आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. त्याच वर्षी सैन्याच्या १९०३ च्या नमुन्याच्या स्प्रिंगफील्ड रायफली फुटल्याच्या बातम्या आल्या. चौकशी बसली. घरच्या भरणीचा इथे संबंध नव्हता. काडतुसे कारखान्याची, बंदुका सरकारी. प्रथम दोष काडतुसांवर आला. युद्धाच्या घाईत झालेल्या त्या काडतुसांच्या पुंगळ्यांचे पितळ मऊ निघाले. त्या बुडाशी फाटत आणि वायू मागे येई. इथेच फाइल बंद करता आली असती. पण चौकशी करणारे चिकट होते. पुंगळी फाटली तर रायफल बिघडावी, फार तर वाकावी. तिचे पोलाद काचेसारखे तडकून तुकडे तुकडे का व्हावे? तेव्हा ते बंदुकीच्या कारखान्यात, भट्टीपाशी गेले.

भट्टीवर मुरलेले कारागीर होते. पोलाद किती तापले ते ते रंगावरून ओळखीत. वर्षानुवर्षे ओळखीत आले होते, आणि त्यांच्या नजरेबद्दल कोणाला शंका नव्हती. आता भट्टीत तापमापक यंत्रे बसवली, तेव्हा निराळेच दिसले. अंधारलेल्या दिवशी जो रंग योग्य वाटे, तो लख्ख उन्हाच्या दिवशी फिका दिसे. मग कारागीर पोलाद आणखी तापवीत. हा फरक काही वेळा ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत जाई. पोलाद जळून ठिसूळ होई. वरून सारख्याच दिसणाऱ्या दोन रायफली. एक ढगाळ दिवशी भट्टीतून निघालेली, दुसरी उन्हाच्या. पहिली जन्मभर टिकायची, दुसरी एखाद्या मऊ पुंगळीची वाट पाहत बसायची! स्प्रिंगफील्डच्या कारखान्यातल्या ८ लाख क्रमांकाच्या आतल्या आणि रॉक आयलंडच्या २,८५,५०७ क्रमांकाच्या आतल्या रायफली तेव्हापासून संशयित ठरल्या, आणि पोलाद तापवण्याची रीत बदलली. सैन्याच्या शस्त्रास्त्र विभागातले अधिकारी ज्यूलियन हॅचर यांनी १९४७ च्या आपल्या पुस्तकात हे सारे नोंदवून ठेवले आहे. आजही अशी रायफल कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत निघाली, तर जाणते लोक आधी तिचा क्रमांक पाहतात.

आता कल्पना करा, की यांतली एखादी रायफल एखाद्या खासगी हौशी माणसाजवळ असती आणि त्याने घरचे काडतूस वापरले असते. भट्टीपर्यंत जाण्याचे कष्ट कोणी घेतले असते का?

दुसऱ्या बाजूलाही साक्षीदार कमी नाहीत. आयडाहोचा गुराखी आणि पुढे बंदुकांवरचा गाजलेला लेखक झालेला एल्मर कीथ याने १९२५ च्या ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या आनंदात, आपले जुने ०.४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर झाडले. काडतुसे घरची, रायफलीची जड गोळी आणि कुटून बारीक केलेली काळी दारू. रिव्हॉल्व्हरचा वरचा भाग उडून गेला. काळ्या दारूची पुंगळी काठोकाठ भरली तरी धोका नाही असे मी वर म्हटले, त्याला या पठ्ठ्याने खलबत्त्याने उत्तर दिले! हात शाबूत राहिला आणि हौसही. कीथने कंपनीवर रोष धरला नाही; जास्त जाड पोलादाचे ०.४४ चे रिव्हॉल्व्हर घेतले आणि भरणे चालूच ठेवले. पुढे तीस वर्षांनी, १९५५ च्या अखेरीस, स्मिथ अँड वेसन कंपनीने ०.४४ मॅग्नम हे जबरदस्त रिव्हॉल्व्हर काढले, त्यामागे कीथच्या या घरच्या भरणीचाच पाठपुरावा होता. ज्या उद्योगाला हमीपत्र हात लावू देत नाही, त्यातूनच कंपनीला नवा माल मिळाला.

या वादातून सर्वांत चतुराईने सुटली ती स्टर्म-रूगर ही १९४९ सालची कनेक्टिकटमधली कंपनी. १९७५ चा कायदा आल्यावर तिने विचार केला, की लेखी हमी दिली तर कायद्याच्या सगळ्या अटी मानेवर बसणार. हमी न देण्याला मात्र कायद्याची आडकाठी नाही. तेव्हा तिने लेखी हमी देणेच बंद केले, आणि तसे का केले तेही पुस्तिकेत छापून टाकले. आणि तरीही बिघडलेली बंदूक पाठवली तर ही कंपनी दुरुस्त करून देते, असा तिचा नेमबाजांत लौकिक आहे. कागद नाही, पण शब्द आहे. आपल्या जुन्या पेढीवाल्यांना हा व्यवहार ओळखीचा वाटेल.

आपल्याकडे हा प्रश्न अशा रूपाने उभा राहत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतुसे तयार करायलाच परवाना लागतो, आणि बाळगायची काडतुसेही परवान्यावर मोजून दिलेली असतात. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे, भुसावळजवळ वरणगावला १९६४ पासून. पण तिथला माल मुख्यतः सैन्यासाठी. तेव्हा गॅरेजात टेबल मांडण्याचा विचार कोणा वाचकाच्या मनात आला असेल, तर तो त्याने तिथेच सोडावा.

टेक्सासातल्या त्या शेजाऱ्याच्या मात्र काही रीती मी माझ्या विद्यार्थ्याकडून मुद्दाम विचारून घेतल्या. टेबलावर एका वेळी एकाच जातीच्या दारूचा डबा. भरताना रेडिओ नाही, गप्पा नाहीत. छापील कोष्टकात दिलेल्या कमाल मापाच्या एक दशांश कमीपासून सुरुवात. पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून, गोळ्या बसवण्याआधी विजेरीच्या उजेडात प्रत्येकीच्या पोटात डोकावून पाहायचे. कोणत्या दिवशी कोणती दारू किती घातली त्याची वही, आणि ती वही मुलांच्या जन्मपत्रिकांच्या शेजारी. दुसऱ्याच्या भरणीचे काडतूस तो आपल्या बंदुकीत घालीत नाही आणि आपले कोणाला देत नाही; दात घासायच्या ब्रशासारखेच ते, म्हणतो. त्याच्या कपाटात कारखान्याच्या काडतुसांचा एक न फोडलेला खोकाही असतो. नवी बंदूक आणली की हमीची मुदत संपेपर्यंत तिला फक्त त्या जातीची काडतुसे मिळतात, आणि दुकानदाराच्या पावत्या तो जपून ठेवतो.

एका रविवारी शंभर काडतुसे भरून झाल्यावर त्याच्या ध्यानात आले, की दारू जितकी उरायला हवी त्यापेक्षा एका मापाने कमी उरली आहे. कदाचित जमिनीवर सांडली असेल, कदाचित मोजण्यात चुकली असेल. बायकोने जेवायला हाक मारली. तो जेवून आला, आणि गोळ्या उपटायची हातोडी घेऊन त्याने शंभरच्या शंभर काडतुसे एकेक करून ठोकून मोकळी केली. एकोणसत्तराव्यात दुप्पट दारू निघाली. उरलेली एकतीसही त्याने फोडली.